दळवींच्या नाटकांतलं मागे राहिलेलं घर

वेंगुर्ले-कुडाळच्या पट्ट्यानं मराठीला पाच वर्षांच्या अंतरानं दोन असे लेखक दिले, जे कादंबरीकारही होते आणि नाटककारही. जयवंत दळवी १९२५ चे, चिं. त्र्यं. खानोलकर १९३० चे. दोघेही पोटामागे मुंबईत आले, दोघांनीही कोकण सोडल्यावर कोकणाविषयी लिहिलं. पण मराठी समीक्षेनं दोघांना सारखं वागवलं नाही. खानोलकरांवर प्रबंध झाले, परिसंवाद झाले. त्यांच्या प्रत्येक भुताखेताला आणि प्रत्येक शापाला अर्थ लावला गेला. दळवींच्या वाट्याला वाचक आले, प्रेक्षक आले, हाउसफुल्लच्या पाट्या आल्या आणि समीक्षकांनी त्यांची तीन वेगवेगळ्या खात्यांत वाटणी करून टाकली. ‘सारे प्रवासी घडीचे’ लिहिणारा कोकणी विनोदकार एका खात्यात, ‘चक्र’ लिहिणारा झोपडपट्टीचा कादंबरीकार दुसऱ्या, आणि ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’, ‘पुरुष’ लिहिणारा व्यावसायिक नाटककार तिसऱ्या. तिन्ही खात्यांचा एकमेकांशी जणू संबंधच नाही. ही वाटणी चुकीची आहे असं मला वाटतं. दळवी आयुष्यभर एकच प्रश्न विचारत होते: घरातला एखादा माणूस निघून जातो, तेव्हा त्याच्या जाण्याची किंमत कोण मोजतो? पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते कादंबरीकडून नाटकाकडे वळले, त्याचं कारणही या प्रश्नातच सापडतं.

हा प्रश्न त्यांना कुठल्या पुस्तकातून मिळालेला नव्हता, तो त्यांच्या भोवती होता. १९२१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती पावणेबारा लाख भरली, आणि त्यातले शंभरातले सुमारे चौऱ्याऐंशी मुंबईबाहेर जन्मलेले होते. त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा फार मोठा होता, आणि वेंगुर्लं तेव्हा त्याच जिल्ह्यात होतं. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. हा चाकरमानी येताना बायकापोरं घेऊन येत नसे. लालबाग, परळ, चिंचपोकळीच्या चाळींत एकेका गावाची खोली असे. भिंतीला ट्रंका रचलेल्या, दोरीवर कपडे, पाळीनुसार झोपायची जागा, जेवण खानावळीत. महिन्याच्या सुरुवातीला मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला गाव. मुंबईच्या इतिहासात या माणसाविषयी पुष्कळ लिहून झालंय. गिरणी, संप, युनियन, चाळ, भजनी मंडळ, सगळं. पण मनीऑर्डर ज्या घरात पोचत होती तिथं काय चाललं होतं? तिथं म्हातारे आईबाप होते, नवऱ्याच्या नावानं कुंकू लावून वर्षाचे अकरा महिने एकट्यानं काढणाऱ्या बायका होत्या, केस काढलेल्या आत्या-मावश्या होत्या, डोक्यानं अधू म्हणून कुठंच पाठवता न येणारा एखादा भाऊ होता. कोकण रेल्वे पुरी झाली १९९८ साली. दळवी त्याआधी चार वर्षं गेले होते. म्हणजे त्यांच्या उभ्या हयातीत गाव आणि मुंबई यांच्यामधलं अंतर आगबोटीचं आणि नंतर रात्रभराच्या एसटीचं होतं. वाटेल तेव्हा उठून जाण्याचं ते अंतर नव्हतं, हे त्यांची नाटकं पाहताना विसरून चालत नाही.

दळवींचा जन्म गोव्यातल्या हडफड्याचा, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज हद्दीतला. वाढले आरवलीत, वेतोबाच्या गावात, शिरोड्याच्या शेजारी. मुंबईत आल्यावर ‘प्रभात’, ‘लोकमान्य’ अशा दैनिकांत त्यांनी पत्रकारी केली आणि मग अमेरिकन सरकारच्या माहिती खात्याच्या मुंबई कचेरीत, म्हणजे सगळे ज्याला ‘युसिस’ म्हणत तिथं, दीर्घकाळ नोकरी केली. ही नोकरी त्यांच्या चरित्रात एका ओळीत उरकली जाते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेचा चांगला चेहरा भारतीयांना दाखवणं हे त्या कचेरीचं कामच होतं. अमेरिकन पुस्तकं मराठीत आणण्याच्या उद्योगामुळे दळवींचा मराठीतल्या बहुतेक लेखकांशी रोजचा संबंध आला. अमेरिका त्यांनी स्वतः पाहिली आणि त्यावर ‘लोक आणि लौकिक’ हे प्रवासवर्णन लिहिलं. त्याच काळात, जानेवारी १९६४ मध्ये, गिरगावातल्या मॅजेस्टिक बुक स्टॉलच्या केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ मासिक सुरू केलं आणि त्यात दळवी ‘ठणठणपाळ’ या नावानं ‘घटका गेली, पळे गेली’ हे सदर लिहू लागले. वसंत सरवट्यांनी त्या ठणठणपाळाला एक भला थोरला हातोडा दिला होता. सुमारे वीस वर्षं तो हातोडा मराठी साहित्यिकांच्या डोक्यांवर पडत राहिला, आणि गंमत म्हणजे फारसं कुणी रागावलं नाही. उलट आपल्यावर कधी लिहून येतं याची काही जण वाट बघत. मुद्दा असा की दळवी गिरगाव-दादरच्या साहित्यव्यवहाराच्या अगदी मधोमध बसलेले होते, तरी त्यांची नजर मात्र बाहेरून आलेल्या माणसाची राहिली. मधोमध बसलेला माणूस टोपणनाव घेऊन टोले हाणतो, ते बहुधा आपण इथले नाही हे त्याला पक्कं ठाऊक असल्यामुळे.

‘सारे प्रवासी घडीचे’ हे १९६४ चं पुस्तक लोकांना आठवतं ते हसवणारं म्हणून. गावातल्या वल्ली, त्यांचे हट्ट, त्यांची भांडणं, त्यांच्या थापा. इथं एक आक्षेप हमखास येतो. मुंबईत स्थिरावलेल्या लेखकानं सुटलेल्या गावाविषयी हळवं होऊन लिहावं, यात नवल ते काय? मराठीत असल्या आठवणींचा दुष्काळ कधीच नव्हता. आक्षेप रास्त आहे, पण या पुस्तकाला तो लागत नाही. हळव्या आठवणींत गाव तसंच राहतं, आपण परत गेलो की ते आपल्याला कुशीत घेणार असतं. दळवींचं गाव कुणाला कुशीत घेत नाही. तिथली माणसं म्हातारी होतात, एकेकटी पडतात, मरतात, आणि त्यांच्या मरणाची बातमी मुंबईला उशिरा पोचते. हसवता हसवता लेखक गावाची हजेरी घेत असतो आणि हजेरीतली नावं कमी होत जातात. याच्याशी ताडून बघण्याजोगं नाटक म्हणजे गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’. १९८० मध्ये ते आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारोंनी प्रयोग केले. तेही चाकरमान्यांच्याच जगातून आलेलं, त्याचा प्रेक्षकही तोच. ‘वस्त्रहरण’नं गाव उचलून दामोदर हॉलच्या आणि शिवाजी मंदिरच्या रंगमंचावर आणून ठेवलं आणि प्रेक्षकाला म्हटलं, बघ, तुझं काहीही हरवलेलं नाही. अस्सल, मोकळं, थोर नाटक आहे ते, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण दळवींना हा दिलासा कधी देता आला नाही, आणि त्यांनी तो द्यायचा प्रयत्नही केला नाही.

आता ‘चक्र’. ही कादंबरी आली १९६३ मध्ये. त्याच वर्षी बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, पुढच्या दोन वर्षांत भाऊ पाध्यांचं ‘वासूनाका’ आलं. मराठीत मुंबईच्या तळाचं जग एकदम फुटून वर यावं असा तो काळ होता. ‘चक्र’वरचा गंभीर आक्षेप असा की ती बाहेरून लिहिलेली कादंबरी आहे. झोपडपट्टीतली बाई, तिचा वयात येणारा पोरगा, गुंडगिरी, गुप्तरोग, दारू हे सगळं एका मध्यमवर्गीय, नोकरदार माणसानं बघितलं आणि लिहिलं. जातीच्या प्रश्नाला तिनं नीट हातही लावला नाही. बागुल माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वाढलेले, त्यांच्या वाक्यात जी आग आहे ती दळवींच्या वाक्यात नाही. हा आक्षेप मी खोडून काढणार नाही, कारण तो खरा आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तर बागुलांचं पुस्तक मोठं ठरतं. मात्र दळवींच्या बाहेरच्या नजरेलाही एक गोष्ट दिसली, ती आतल्याला कदाचित एवढी वेगळी जाणवली नसती. त्यांच्या झोपडपट्टीतल्या माणसांना परत जायला गाव नाही. लालबागच्या खोलीत राहणाऱ्या चाकरमान्याला निदान गणपतीला जायला घर असतं, मनीऑर्डरवर लिहायला पत्ता असतो. ‘चक्र’मधल्या माणसांना मागचं काही उरलेलं नाही आणि पुढचं काही मिळत नाही. पुढे १९८१ मध्ये रवींद्र धर्मराज यांनी त्यावर हिंदी चित्रपट केला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि लोकार्नोच्या महोत्सवात चित्रपटाला सर्वोच्च सन्मान. मुंबईत पत्ता असलेल्या एका परगावच्या माणसानं पत्ता नसलेल्या परगावच्या माणसांकडे टाकलेली नजर, असं मी ‘चक्र’ वाचतो. झोपडपट्टीची अधिकृत कादंबरी म्हणून नव्हे.

‘चक्र’ कादंबरीनंतर दहाएक वर्षांनी दळवी नाटकाकडे वळले. तेव्हा ते अठ्ठेचाळीसच्या आसपास होते. कादंबरीकार म्हणून नाव झालेला माणूस या वयात नाटककार होतो, तेव्हा लोक पैशाचं कारण सांगतात. १९६४ मध्ये गिरगावात साहित्य संघ मंदिराचं नाट्यगृह उभं राहिलं होतं, १९६५ मध्ये दादरला शिवाजी मंदिर, प्रभादेवीला रवींद्र नाट्य मंदिर. दादर-परळच्या पट्ट्यात चांगल्या नाटकाला प्रेक्षक तयार होता, विजया मेहतांसारखी दिग्दर्शिका होती, गोवा हिंदू असोसिएशनसारखी निर्माती संस्था होती. पैसा होता हे खरं. पण नुसत्या पैशासाठी लिहायचं असतं तर ठणठणपाळानं फार्स लिहिले असते, आणि ते धोधो चालले असते. त्याऐवजी त्यांनी पहिल्याच मोठ्या नाटकात दोन म्हाताऱ्यांना रंगमंचावर बसवलं आणि शेवटी त्यांना मारून टाकलं. मला वाटतं, विषयानंच माध्यम बदलायला लावलं. निघून जाणाऱ्या माणसाची गोष्ट कादंबरीची असते. त्याला रस्ता असतो, नवं शहर असतं, भेटणारी माणसं असतात, वर्षं जातात. मागे राहिलेल्याला यातलं काहीच नसतं. त्याला एक खोली असते, एक दार असतं आणि त्या दाराकडे बघणं असतं. म्हणजे त्याच्याकडे नेपथ्य आहे, कथानक नाही. अशा माणसाला नाटकाइतकं सोयीचं घर दुसरं नाही, कारण नाटकात प्रेक्षकही त्याच दाराकडे बघत दोन-अडीच तास बसतो. घड्याळ टिकटिकतं, बाहेर पावलं वाजतात, कुणी तरी येतं, आणि ते आपलं नसतं. कादंबरीत हे लिहायला चार पानं लागतील आणि चौथ्या पानावर वाचक कंटाळेल. रंगमंचावर त्या एका क्षणात सगळं थिएटर दाराकडे वळतं.

‘संध्याछाया’ १९७३ च्या सुमारास रंगभूमीवर आलं. विजया मेहतांनी ते दिग्दर्शित केलं, नानी त्याच झाल्या आणि माधव वाटवे नाना. नाना-नानींना दोन मुलगे. एक अमेरिकेत गेला आणि तिथलाच झाला. दुसरा सैन्यदलात, तो युद्धात मरतो. काळ लक्षात घेण्याजोगा आहे. अमेरिकेनं १९६५ मध्ये आपला स्थलांतराचा कायदा बदलला आणि आशियातल्या डॉक्टर-इंजिनिअरांना दार उघडलं. दादर, पार्ले, गिरगावातल्या हुशार मुलांची पहिली तुकडी त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांत तिकडे गेली. बांगलादेशाचं युद्ध होऊन तर दोनच वर्षं झाली होती. म्हणजे दळवींनी ताज्या जखमेवर नाटक लिहिलं, आणि लिहिणारा कोण, तर रोज सकाळी अमेरिकन कचेरीत जाऊन बसलेला माणूस. तिथं समोरून येणारी स्वप्नं तो बघत होता. त्यांची मागची बाजू त्यानं नाटकात लिहिली, असं अनुमान काढायला मला संकोच वाटत नाही. नाटकात घडतं फार थोडं. पत्राची वाट, फोनची वाट, येणाऱ्या-जाणाऱ्या परक्या माणसाला धरून ठेवण्याची धडपड, जुन्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगणं. या म्हाताऱ्यांना दारिद्र्य नाही, आजारपणाची हालअपेष्टा नाही, सुनेचा छळ नाही. त्यांना फक्त कुणी नाही. शेवटी दोघं झोपेच्या गोळ्या घेतात, आणि तोही निर्णय कसल्या आकांतानं नव्हे, घरातलं एखादं काम आवरावं तसा.

‘संध्याछाया’वर तेव्हापासून एक टीका होत आली आहे की हे नाटक मुलांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतं, आईबापांच्या रडण्यावर टाळ्या घेतं, परदेशी गेलेल्या पिढीला अपराधी वाटायला लावतं. मला ही टीका नाटक अर्धं वाचून केलेली वाटते. दळवींना कृतघ्न मुलाचं नाटक लिहायचं असतं तर एकच मुलगा पुरला असता. त्यांनी दोन ठेवले. एक गेला तो स्वतःच्या भल्यासाठी. दुसरा गेला तो देशासाठी, आणि त्याला नावं ठेवायची कुणाची छाती नाही. पण घराच्या दृष्टीनं बघा: दोन्ही खाटा सारख्याच रिकाम्या. जाणाऱ्याचा हेतू वाईट असो की थोर, मागे राहिलेल्याच्या पानात तेवढंच पडतं. ही रचना करून दळवींनी दोषाचा प्रश्नच बाजूला काढला. त्याआधी तीनच वर्षं, १९७० मध्ये, शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ आलं होतं. त्यातली मुलं म्हाताऱ्यांजवळ आहेत आणि निष्ठुर आहेत, म्हणून अप्पासाहेब बेलवलकरांना संतापता येतं, गर्जना करता येते. नानांना गर्जना करायला समोर कुणी नाही. आणखी एक गोष्ट. शिवाजी मंदिरात बसून डोळे पुसणारा १९७३ सालचा प्रेक्षक कोण होता? तो स्वतः वीस-तीस वर्षांपूर्वी रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेला होता, किंवा आलेल्याचा मुलगा होता. अमेरिकेतल्या त्या मुलाला त्यानं मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील, पण त्याचेही नाना-नानी कुठं तरी आगबोटीच्या आणि एसटीच्या पलीकडे मनीऑर्डरची वाट बघत म्हातारे झाले होते. नाटक हे बोलून दाखवत नाही. बोलून दाखवलं असतं तर ते चाललं नसतं.

‘बॅरिस्टर’ हे १९७७ चं नाटक याच प्रश्नाची उलटी बाजू दाखवतं. दळवींच्याच ‘अंधाराच्या पारंब्या’ या कादंबरीवरून ते झालं. इथं गेलेला माणूस परत आलेला आहे. विलायतेहून शिकून, सुधारणेचे विचार घेऊन तो घरंदाज वाड्यात येऊन राहतो. वाड्यात केशवपन झालेली मावशी आहे, भाडेकरूची तरुण बायको राधा आहे, आणि घराण्यात वेडाचा वारसा आहे. राधा विधवा होते तेव्हा तिचे केस काढू द्यायचे नाहीत इथवर बॅरिस्टर ठाम राहतो. त्यापुढचं पाऊल, तिच्याशी लग्नाचं, त्याच्याच्यानं होत नाही, आणि वाडा त्याला गिळतो. विक्रम गोखल्यांचा बॅरिस्टर, सुहास जोशींची राधा आणि विजयाबाईंची मावशी हे ज्यांनी पाहिलं त्यांनी त्याविषयी पुष्कळ लिहून ठेवलंय. पुढे विजयाबाईंनीच त्यावर ‘रावसाहेब’ हा हिंदी चित्रपट केला, त्यात अनुपम खेर होते. मला इथं मावशी महत्त्वाची वाटते. परत आलेल्या पुरुषाला निदान अपयशी व्हायची संधी मिळते. मावशीला तीही नाही. ती कुठं गेलीच नव्हती. तिचं सगळं आयुष्य वाड्याच्या माजघरात मावलं आणि शिळं झालं. ‘महानंदा’ कादंबरीतही हेच गणित आहे. मुंबईचा प्राध्यापक गावात येतो, भाविणीच्या मुलीवर जीव जडवतो; त्याला जायला मुंबई आहे, तिला देवळाची पायरी सोडून दुसरी जागा नाही. (‘महानंदा’चं नाट्यरूप दळवींनी केलं नाही, शं. ना. नवऱ्यांनी ते ‘गुंतता हृदय हे’ या नावानं केलं, आणि नावापासूनच ते अधिक गोड झालं.) दळवींवर वासना आणि वेड या दोनच गोष्टींचा ध्यास असल्याचा आरोप होतो. आरोप करणाऱ्यांनी एवढं बघावं की त्यांच्याकडे वेड आणि कोंडलेली वासना बहुतेक वेळा बंद घरात राहिलेल्यांच्या वाट्याला येते. निघून गेलेला शहाणा राहतो. कोकणातल्या जुन्या वाड्यांचा खराखुरा इतिहास यापेक्षा फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

एक मूलभूत हरकत अजून उरते. आरवलीहून दादरला येणं याला स्थलांतर म्हणायचं का? भाषा तीच, देव तेच, खाणं तेच, आणि राज्यही तेच. जगात ज्याला स्थलांतरितांचं साहित्य म्हणतात त्याच्याशी याची तुलना ओढूनताणून होणार नाही का? पडताळून पाहण्यासाठी एक माणूस घेऊ. सामी मायकल हे हिब्रू कादंबरीकार आणि नाटककार १९२६ मध्ये बगदादला जन्मले, दळवींहून एका वर्षानं लहान. अरबी ही त्यांची मातृभाषा. कम्युनिस्ट म्हणून पकडले जाण्याच्या भीतीनं १९४८ मध्ये ते इराणात पळाले आणि १९४९ मध्ये इस्राएलला पोचले. तिथं अनेक वर्षं त्यांनी सरकारी जलखात्यात नोकरी केली, पाण्याच्या साठ्यांच्या मोजण्या केल्या. हिब्रूत पहिली कादंबरी आली ती १९७४ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. तिचा विषय अरब देशांतून आलेल्या ज्यूंना ज्या तात्पुरत्या छावण्यांत कोंबलं गेलं त्या छावण्या. आणि त्यांची सर्वांत जास्त वाचली गेलेली कादंबरी, १९९३ ची ‘व्हिक्टोरिया’, कशाविषयी आहे? बगदादमधल्या एका गजबजलेल्या वाड्याविषयी, तिथल्या बायकांविषयी, त्यांच्या सोसण्याविषयी. म्हणजे त्यांच्याकडेही एका टोकाला छावणी आणि दुसऱ्या टोकाला वाडा, जसं दळवींकडे ‘चक्र’ आणि ‘बॅरिस्टर’. मायकल यांना भाषा बदलावी लागली, देश बदलावा लागला, त्यांचं बगदाद कायमचं बंद झालं, आणि ही त्यांची हानी दळवींच्या कुठल्याही हानीपेक्षा मोठी होती यात वाद नाही. पण दळवींची अडचण वेगळ्या जातीची होती. त्यांचं गाव बंद झालेलं नव्हतं. तिकीट काढलं की जाता येत होतं. ज्याला परत जाताच येत नाही तो रडतो आणि मोकळा होतो. ज्याला जाता येतं पण जो जात नाही, त्याच्या डोक्याशी हिशोब रोज उभा राहतो. दळवींच्या मुंबईतच बगदादच्या ससूनांनी गिरण्या काढल्या होत्या. परळची इंडिया युनायटेड मिल नंबर एक ही आधीची जेकब ससून मिल. ससूनांची घरं मुंबईहून पुढे लंडनला गेली आणि त्यांच्या साच्यांवर उभा असलेला कोकणी माणूस गणपतीसाठी रजा मागत राहिला. लांब पल्ल्याचं स्थलांतर नेहमीच जास्त खोल असतं असं काही नाही.

सगळे दळवी या एका सूत्रात बसतात असा दावा मात्र मी करणार नाही. १९८२ चं ‘पुरुष’ बसत नाही. नाना पाटेकरांचा गुलाबराव आणि रीमाची अंबिका यांचं ते नाटक सत्तेविषयी आणि बलात्काराविषयी आहे, गाजलंही तसंच. त्याचा सूड घेणारा शेवट मला तेव्हाच्या प्रेक्षकाला हवा होता तसा दिलेला वाटतो, पटलेला नाही. ‘सूर्यास्त’मध्ये गांधीवादी अप्पाजी आणि मुख्यमंत्री झालेला मुलगा यांचा सामना आहे, निळूभाऊ फुल्यांनी तो अप्पाजी अविस्मरणीय केला. तिथं मुलगा घरातून नव्हे, बापाच्या तत्त्वांतून निघून गेलेला आहे, एवढं म्हणता येईल, पण फार ताणण्यात अर्थ नाही. ‘नातीगोती’ मात्र पुन्हा त्या घरातच येतं, आणि अशा जागी उभं राहतं जिथं आधीचं कुठलंच नाटक पोचलं नव्हतं. दिलीप प्रभावळकरांनी केलेला बाप, नोकरी करणारी आई आणि मतिमंद मुलगा बच्चू. इथं कुणीच निघून जाऊ शकत नाही. बच्चूला जाता येत नाही, म्हणून आईबापांनाही येत नाही. ‘संध्याछाया’त मुलं गेली म्हणून घर मोडलं, इथं मुलगा कधीच जाणार नाही म्हणून घर मोडतं. आणि आपल्या पश्चात याचं कोण बघणार हा त्या आईबापांचा प्रश्न म्हणजे दळवींचा जुनाच प्रश्न, फक्त यावेळी जाणारे आईबाप आहेत आणि मागे राहणारा बच्चू. या नाटकांतून त्यांनी एकच खोली सगळ्या बाजूंनी बघितली, ती अशी.

दळवींचं मोठेपण ठरवताना ते खानोलकरांच्या तोडीचे का, हा प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. भाषेच्या बाबतीत नाहीत. खानोलकरांच्या वाक्यात जे अंगावर येतं ते दळवींच्या वाक्यात क्वचित येतं. त्यांचं गद्य पत्रकाराचं, काम करून बाजूला होणारं. पण खानोलकरांचं कोकण नियतीच्या हातात आहे, तिथं कुणाला जाब विचारायची सोय नाही. दळवींच्या कोकणात आणि दळवींच्या मुंबईत माणसानं घेतलेल्या निर्णयांची बाकी दुसऱ्या माणसाच्या नावावर निघते, आणि ती कुणाच्या, हे ते नाव घेऊन सांगतात. स्थलांतरावर उभ्या राहिलेल्या शहरात ही नोंद ठेवणारा दुसरा नाटककार त्या पिढीत मला दिसत नाही. पुढच्या पिढीत जयंत पवारांनी ‘अधांतर’मध्ये गिरणगावातल्या घराचं मोडणं लिहिलं तेव्हा त्यांच्या पात्रांना परतायला गाव जवळपास उरलंच नव्हतं, प्रश्न तिथून वेगळ्या दिशेला गेला.

दळवी १६ सप्टेंबर १९९४ रोजी गेले. त्यांची बरीच पुस्तकं आजही दुकानात मिळतात, नाटकं अधूनमधून नव्या संचात उभी राहतात. वाचायची असतील तर समीक्षकांनी लावलेला क्रम सोडा. आधी ‘चक्र’ वाचा, लगेच ‘संध्याछाया’, मग ‘अंधाराच्या पारंब्या’ आणि तिच्यावरचं ‘बॅरिस्टर’ शेजारी शेजारी. ‘सारे प्रवासी घडीचे’ सगळ्यात शेवटी ठेवा. मग त्यात किती हसू येतं ते बघा.